आनीच्या कॅथीड्रलवर कुणाचे नाव?

तुर्कस्तानच्या पार पूर्वेच्या टोकाला, कार्स शहरापासून साधारण ४५ किलोमीटरवर, एका उजाड पठारावर आनी नावाचे ओसाड शहर आहे. पठाराच्या कडेला खोल घळ, घळीत अखुर्यान नदी आणि नदीपलीकडे आर्मेनिया. शहराच्या दक्षिण भागात घुमट नसलेले एक मोठे चर्च उभे आहे, ते आनीचे कॅथीड्रल. त्याच्या दक्षिणेकडच्या भिंतीवर आर्मेनियन लिपीत एक लेख कोरलेला आहे. थोर स्मबात राजाने पाया घातलेले हे चर्च स्युनिकच्या राजाची मुलगी आणि गागिक राजाची राणी कात्रानिदे हिने पुरे केले, असे तो लेख सांगतो. साल निघते १००१. हे चर्च कुणी बांधले हे सांगायला कुणा इतिहासकाराची गरज नाही, भिंतच सांगते. असे असून विसाव्या शतकातली कित्येक दशके या जागेवरच्या सरकारी फलकांवर ‘आर्मेनियन’ हा शब्द सापडत नव्हता. इथे राज्य करणाऱ्या आर्मेनियन बग्रातुनी राजांचा उल्लेख कुठे असलाच तर ते राजे कोण लोकांचे होते हे गाळलेले असे.

हा शब्द गळला तो कारकुनाच्या नजरचुकीने गळला असे मानायला मी तयार नाही. एखाद्या देशाच्या हद्दीत दुसऱ्या समाजाने बांधलेली वास्तू उरली असेल आणि तो समाज आता तिथे राहत नसेल, तर त्या देशावर दगड टिकवण्याइतकीच आणखी एक जबाबदारी येते. वास्तू कुणाची हे स्पष्ट सांगण्याची. ही दुसरी जबाबदारी टाळून पहिली पार पाडता येते असे तुर्की सरकारला बराच काळ वाटत आले आहे. मला ते मान्य नाही, आणि का मान्य नाही हे नीट मांडायचे तर आधी आनीकडे जरा जवळून पाहायला हवे.

बग्रातुनी घराण्यातल्या तिसऱ्या आशोत राजाने ९६१ मध्ये राजधानी आनीला हलवली. पुढची शेसव्वाशे वर्षे हे शहर भरभराटीला आले. व्यापाराचे मार्ग इथून जात, तटबंदी दुहेरी होती, आणि चर्च इतकी की ‘एक हजार एक चर्चचे शहर’ असे लोक म्हणू लागले. कॅथीड्रलचा वास्तुकार त्रदात. ९८९ च्या भूकंपात कॉन्स्टँटिनोपलच्या हागिया सोफियाच्या घुमटाचा भाग कोसळला, तेव्हा त्या काळच्या सर्वांत बलाढ्य ख्रिस्ती साम्राज्याने दुरुस्तीसाठी बोलावले ते याच त्रदातला. आनीच्या कॅथीड्रलचे कामही त्याच वर्षी सुरू झालेले होते. आत शिरल्यावर नजर आपोआप वर जाते, कारण चार मोकळे खांब बारीक बारीक स्तंभांच्या जुडग्यांनी बनलेले आहेत आणि त्यांच्यावरच्या कमानी टोकदार आहेत. युरोपातली गॉथिक चर्च अशीच असतात, पण ती शंभराहून अधिक वर्षांनी आली. गॉथिक शैलीचा उगम आर्मेनियात, असा दावा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जोसेफ स्त्रिगोव्स्की या कलाइतिहासकाराने केला आणि त्यावर पुष्कळ भांडण झाले. मला ते भांडण गैरलागू वाटते. युरोपशी नाते जोडल्याशिवाय आशियातल्या वास्तूला मोल यायचे नाही, हा समज आपणही पुरेसा भोगला आहे.

इथली बांधकामाची रीत कळली की हे अवशेष असे का दिसतात तेही कळते. दगड टफ जातीचा, म्हणजे ज्वालामुखीच्या राखेचा बनलेला. तांबूस, काळा, मधूनच पिवळट. हलका आणि कापायला सोपा. भिंतीच्या दोन्ही अंगांना या दगडाचे पातळ, काटेकोर घडवलेले चिरे लावायचे आणि मधल्या पोकळीत दगडगोटे नि चुना भरून घट्ट गाभा तयार करायचा, अशी ही पद्धत. बाहेरून घोटीव दगडांची सलग भिंत दिसते, भार मात्र आतला गाभा पेलतो. शहर ओस पडल्यावर आसपासच्या लोकांनी घरांसाठी, गोठ्यांसाठी हे तयार चिरे उपसून नेले. हात पोचेल तिथवरचे दगड गेले, वरचे राहिले. म्हणून आनीतल्या कित्येक भिंती खाली खडबडीत नि उघड्या आणि वर गुळगुळीत दिसतात. उघड्या गाभ्यात पाणी मुरते, कार्सच्या कडाक्याच्या थंडीत ते गोठते, फुगते, आणि भिंत आतून ढिली होत जाते. १३१९ च्या भूकंपाने कॅथीड्रलचा घुमट गेला. १९८८ च्या भूकंपाने, ज्याने सीमेपलीकडे आर्मेनियात हजारो माणसे मारली, कॅथीड्रलचा वायव्य कोपरा पाडला.

‘तारणहाराचे चर्च’ म्हणून ओळखली जाणारी दुसरी एक वास्तू याहून विलक्षण अवस्थेत आहे. अबलघरीब या सरदाराने १०३५ च्या सुमारास ती बांधली. येशूच्या क्रुसाचा म्हणून मानला जाणारा एक तुकडा त्याने कॉन्स्टँटिनोपलहून आणला, तो ठेवण्यासाठी. बाहेरून एकोणीस कोन, आतून आठ अर्धगोल कोनाडे, वर उंच घुमट. १९५७ मध्ये एका वादळात तिचा पूर्वेकडचा अर्धा भाग उभाच्या उभा कोसळला. उरलेला अर्धा अजून जागच्या जागी आहे. वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्याला कागदावर काढावा लागणारा उभा छेद इथे प्रत्यक्ष दिसतो: घुमटाची जाडी, चिऱ्यांची कातडी, आतला गाभा. या इमारतीने नऊशेहून अधिक वर्षांत भूकंप सोसले, स्वाऱ्या सोसल्या. ती अर्धी झाली ती मात्र विसाव्या शतकात, आधुनिक पुरातत्त्व खाती असलेल्या जगात, सैन्याच्या पहाऱ्यात. त्या वर्षांत आनी हा नाटो आणि सोव्हिएत संघ यांच्यामधल्या सीमेचा भाग होता. पाहायला जायचे तर परवाना लागे आणि छायाचित्रे काढायला मनाई असे. कुणी लक्ष दिले नाही, कारण लक्ष देणाऱ्यांना तिथे यायला वाव नव्हता.

आनीवर राज्य करणारे नंतर अनेक झाले. १०६४ मध्ये सेल्जुक तुर्कांचा सुलतान अल्प अर्सलान याने शहर घेतले, कॅथीड्रलच्या घुमटावरचा क्रूस उतरवला गेला आणि तिथे नमाज होऊ लागला. ११२४ मध्ये जॉर्जियन आले आणि वास्तू पुन्हा चर्च झाली. पुढे मंगोल आले. पण मध्ययुगातल्या या सगळ्या धन्यांनी एकमेकांची नावे फारशी खोडली नाहीत, ही गोष्ट माझ्या मनात घर करून आहे. शद्दादी घराण्यातल्या अमीर मनुचेहरने अकराव्या शतकाच्या उत्तरार्धात घळीच्या काठावर मशीद बांधली, तिच्या शेजारी चर्च राहिली. तिग्रान होनेंत्स नावाच्या धनाढ्य व्यापाऱ्याने १२१५ मध्ये जे चर्च बांधले त्याच्या बाहेरच्या भिंतीवर आर्मेनियन भाषेत लांबलचक दानलेख आहे आणि आतल्या भित्तिचित्रांवरची अक्षरे जॉर्जियन नि ग्रीक आहेत. जिंकणारा आपली भर घाले. आधीच्याचा लेख तासून काढावा असे त्यालाही वाटले नाही.

तासून काढण्याची भाषा आली ती आपल्या अलीकडच्या काळात. १९१५ पासून ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियन लोकांचा संहार झाला. आनी तेव्हा रशियाच्या ताब्यात होते. १८७८ मध्ये कार्स रशियाकडे गेले होते आणि निकोलाय मार या विद्वानाने आनीत अनेक वर्षे उत्खनन करून सापडलेल्या वस्तूंचे संग्रहालय मनुचेहरच्या मशिदीतच थाटले होते. १९१८ मध्ये ऑटोमन सैन्य जवळ आले तेव्हा अश्खारबेक कलंतार या पुरातत्त्वज्ञाने हाताने नेता येतील अशा सुमारे सहा हजार वस्तू तिथून हलवल्या. त्या आज आर्मेनियाच्या राजधानीत, येरेव्हानच्या संग्रहालयात आहेत. जे हलवता आले नाही त्याचे बरेच लुटले गेले. १९२१ मध्ये कार्सच्या तहाने सीमा ठरली आणि आनी नदीच्या तुर्की काठावर राहिले. त्याच वर्षी आनीच्या अवशेषांचे नामोनिशाण मिटवा, असा आदेश आपण सेनापती काझिम काराबेकिर यांना दिल्याचे रिझा नूर या तुर्की मंत्र्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. काराबेकिर यांनी तो मानला नाही. शहर पसरलेले केवढे, ते पाडायला लागणारे कष्ट केवढे, हे पाहता मानला असता तरी पार पडला असता का, कोण जाणे. पण आदेश काढावासा वाटला आणि तो पुढे आठवणींत अभिमानाने नोंदवावासा वाटला, यात पुढच्या सत्तर-ऐंशी वर्षांच्या मौनाचे बीज आहे. पाडायचे जमले नाही तेव्हा बोलायचे नाही, हा मार्ग उरला.

या मौनाच्या बाजूने जे युक्तिवाद होतात ते सगळे पोकळ नाहीत. सर्वांत वजनदार युक्तिवाद असा की आनी एकट्या आर्मेनियनांचे नाही. तिथे सेल्जुक मशीद आहे, जॉर्जियन खुणा आहेत, झरथुष्ट्री अग्निमंदिराचे अवशेष आहेत, कुर्दी मूळ असलेल्या शद्दादींची सत्ता होती. मग एकाच समाजाचे नाव का घ्यायचे? हे सगळे खरे आहे, आणि एखाद्या आर्मेनियन राष्ट्रवाद्याने मनुचेहरची मशीद अनुल्लेखाने मारली तर मी त्यालाही हेच ऐकवीन. पण या युक्तिवादाचा वापर कसा होतो ते पाहा. ‘अनेक संस्कृतींचे संगमस्थान’, ‘रेशीम मार्गावरचे शहर’ असे म्हटले की सगळ्यांची नावे घेतल्यासारखे वाटते आणि कुणाचेच घ्यावे लागत नाही. संगम सांगायचा तर नद्यांची नावे सांगावी लागतात. सेल्जुकांचे, शद्दादींचे, जॉर्जियनांचे नाव घ्या, जरूर घ्या, आणि ज्यांनी शहर उभे केले त्यांचेही घ्या. फक्त एकाचेच नाव वगळून उरलेल्यांचा उत्सव करायचा याला बहुसांस्कृतिकता म्हणता येणार नाही.

दुसरा युक्तिवाद भीतीचा आहे. ही वास्तू आर्मेनियन म्हटली की उद्या ही जमीनही आर्मेनियन, असे कुणी म्हणेल. येरेव्हानमध्ये असे म्हणणारे लोक आहेतही. पण चर्चच्या मालकीवरून सीमा ठरू लागल्या तर जगातला एकही नकाशा जागेवर राहणार नाही. तुर्कस्तानातच इफेसस आहे, पर्गमम आहे. तिथल्या फलकांवर ग्रीक आणि रोमन ही नावे ठळक असतात, पर्यटक रांगा लावून पाहतात, आणि त्यामुळे कुणी इझमीरवर दावा सांगितलेला नाही. प्राचीन ग्रीकांचे नाव घेताना जे राज्य कचरत नाही ते आर्मेनियनांचे नाव घेताना कचरते, तेव्हा कारण सीमेत नसते. ते १९१५ मध्ये असते. ज्या लोकांचे इथे असणे मान्य केले त्यांच्या नसण्याचा खुलासाही मग करावा लागतो.

तिसरे उत्तर हमखास ऐकायला मिळते: त्यांनी तरी काय वेगळे केले? याचेही उत्तर सरळ द्यायला हवे, कारण आरोप खरा आहे. येरेव्हानची अठराव्या शतकातली निळी मशीद इराणच्या मदतीने उत्तम दुरुस्त झाली, पण तिची ओळख ‘फारसी मशीद’ अशी करून दिली जाते आणि त्या शहरात एकेकाळी मोठ्या संख्येने राहणाऱ्या, आज अझरबैजानी म्हणवणाऱ्या लोकांचा उल्लेख बाजूला पडतो. १९९३ ते २०२० या काळात आर्मेनियन ताब्यात असलेल्या अझरबैजानच्या आग्दाम शहरातल्या मशिदीत गुरे बांधली गेल्याची छायाचित्रे जगाने पाहिली. २००० च्या आसपास खुद्द आनीसमोर, नदीच्या आर्मेनियन काठावरच्या दगडखाणीत सुरुंग उडवले जात आणि त्यांचे हादरे कॅथीड्रलला बसत. स्वतःच्या पूर्वजांच्या राजधानीला! आणि अझरबैजानने तर नाखिचेवानमधल्या जुल्फाच्या दफनभूमीतले शेकडो वर्षांचे कोरीव शिलाक्रूस २००५ च्या डिसेंबरात सैनिक लावून फोडले. इराणच्या काठावरून त्याचे चित्रीकरण झाले म्हणून निदान पुरावा तरी राहिला. तेव्हा या प्रदेशात धुतल्या तांदळासारखे कुणी नाही. पण यातून निघणारा निष्कर्ष ‘सगळेच करतात, मग चालू द्या’ हा कसा असेल? येरेव्हानच्या मशिदीवर अझरबैजानी हा शब्द यावा असे म्हणण्याचा अधिकार त्यालाच, जो आनीच्या कॅथीड्रलवर आर्मेनियन हा शब्द यावा असे म्हणतो.

बदल अजिबात झाला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. व्हान सरोवरातल्या अख्तामार बेटावर दहाव्या शतकाच्या सुरुवातीचे एक चर्च आहे. त्याच्या बाह्य भिंतींवर आदाम-हव्वा, योना आणि मासा, दावीद आणि गोलियाथ अशी उठावाची शिल्पे आहेत. १९५१ मध्ये ते पाडायचे ठरले होते आणि शेजारच्या इमारतींवर हातोडा पडलाही होता. यशार केमाल हे पुढे तुर्कीतले मोठे लेखक झाले, तेव्हा ते तरुण बातमीदार होते. त्यांच्या कानावर ही गोष्ट आली, त्यांनी इस्तंबूलमध्ये आपल्या संपादकांमार्फत शिक्षणमंत्र्यांपर्यंत ती पोचवली आणि पाडकाम थांबले. एका बातमीदाराने वेळेत आवाज उठवला म्हणून हजार वर्षांचे शिल्पकाम आज उभे आहे. २००५ ते २००७ मध्ये सरकारने स्वतःच्या खर्चाने त्याची दुरुस्ती केली. पण मार्च २००७ मध्ये उद्घाटन झाले ते संग्रहालय म्हणून, घुमटावर क्रूस न लावता. क्रूस चढला २०१० मध्ये, आणि त्याच वर्षी १९ सप्टेंबरला कित्येक दशकांनंतर तिथे पहिली प्रार्थना झाली. बारा दिवसांनी, १ ऑक्टोबरला, देव्लेत बाहचेली या राष्ट्रवादी नेत्याने शेकडो अनुयायी घेऊन आनीच्या कॅथीड्रलमध्ये शुक्रवारचा नमाज पढला. अख्तामारला दिलेले हे उत्तर होते, आणि तसेच ते सगळ्यांनी वाचले. अल्प अर्सलानच्या विजयाची आठवण काढायला बाहचेलींना पूर्ण मुभा आहे. मात्र ज्या इमारतीत आर्मेनियनांना प्रार्थना करायची सोय नाही, तिथे दुसऱ्यांची राजकीय प्रार्थना सरकारी परवानगीने होते, तेव्हा ‘हे फक्त पुरातत्त्वीय स्थळ आहे’ हा बचाव गळून पडतो.

२०१६ च्या जुलैमध्ये इस्तंबूलमध्ये भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत आनीला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. योगायोग असा की तारीख १५ जुलै होती आणि त्याच रात्री तुर्कस्तानात लष्करी उठावाचा प्रयत्न झाला. त्यामुळे या बातमीकडे कुणाचे लक्ष गेले नाही. युनेस्कोच्या वर्णनात मात्र आनी ही बग्रातुनींच्या मध्ययुगीन आर्मेनियन राज्याची राजधानी होती, हे स्वच्छ लिहिलेले आहे. म्हणजे तुर्की सरकारने जगापुढे जो अर्ज केला त्याच्या आधारे हा शब्द आता अधिकृत झाला. जगापुढे म्हणता येते ते घरच्या माणसांपुढेही म्हणता यावे. कार्सच्या शाळेतली मुले सहलीला आनीत येतात, शेजारच्या ओजाक्ली गावातले लोक रोज ही चर्च पाहतात. त्यांना ती कुणी बांधली हे कळण्याचा हक्क इस्तंबूलच्या बैठकीतल्या प्रतिनिधींपेक्षा जास्त आहे.

आपल्याकडून या प्रकरणात काय सांगण्यासारखे आहे? एक गोष्ट आहे, आणि ती खुद्द या प्रदेशाशीच जोडलेली आहे. जुन्या गोव्यात मोन्ते सांतो टेकडीवर सेंट ऑगस्टीन चर्चचा पडका मनोरा आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीचे हे चर्च १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने ऑगस्टिनियन संघाला घालवले तेव्हा बेवारस झाले. १८४२ मध्ये छत कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि अर्धा मनोरा. या अवशेषांत जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या अस्थी असाव्यात अशी नोंद होती. इराणच्या शाहने धर्म बदलायला सांगितला, तिने नकार दिला, १६२४ मध्ये शिराझला तिला हालहाल करून मारले, आणि ऑगस्टिनियन धर्मगुरूंनी अवशेष गोव्याला आणले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने इथे खोदकाम केले, हाडाचा तुकडा सापडला, हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राने डीएनए तपासला, आणि जुलै २०२१ मध्ये भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्या अस्थींचा भाग तिबिलिसीत जॉर्जियाच्या स्वाधीन केला.  एका परकी संघाच्या पडक्या चर्चमधून, एका परकी राणीच्या अस्थी, ना आपल्या धर्माच्या ना आपल्या इतिहासातल्या. त्या कुणाच्या हे आपण शोधले, सांगितले आणि दिले. यात भारताचे काय गेले? उलट जॉर्जियात आपल्याबद्दल जो जिव्हाळा निर्माण झाला तो कितीही मदत देऊन विकत मिळाला नसता.

वसईच्या किल्ल्याचेही तेच. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी तो पोर्तुगीजांकडून जिंकला. आतल्या चर्चच्या छत नसलेल्या भिंती आणि मनोरे पोर्तुगीजांनी बांधले हे सांगताना कुणा मराठी माणसाची जीभ अडखळत नाही, आणि ते सांगितल्याने चिमाजी अप्पांचा पराक्रम तसूभरही कमी होत नाही. किंबहुना समोरचा केवढा होता ते कळल्याशिवाय तो पराक्रम कळतच नाही. हे लिहिताना मला ठाऊक आहे की आपल्याकडेही जुन्या वास्तू कुणाच्या यावरून आणि त्यांच्या नावांवरून दर आठवड्याला वाद पेटतात, आणि फलकावरचे एखादे नाव नको असलेली माणसे आपल्यातही आहेत. म्हणूनच आनीची गोष्ट मराठीत सांगावीशी वाटली. नाव गाळण्याची सवय एकदा लागली की ती कुठवर नेते याचा पूर्ण वाढलेला नमुना तिथे पाहायला मिळतो.

एक इशारा मात्र द्यायला हवा. नाव सांगा म्हणणे म्हणजे चर्च नव्याने बांधून द्या म्हणणे नव्हे. १९९० च्या दशकात आनीत तटबंदीचे आणि एका मध्ययुगीन वाड्याचे असे काही ‘जीर्णोद्धार’ झाले की नव्या कापलेल्या चकचकीत दगडांत जुने हरवून गेले आणि तज्ज्ञांनी डोक्याला हात लावले. कॅथीड्रलवर नवा घुमट चढवणे शक्य आहे, पण तो त्रदातचा नसेल. तो कसा दिसत होता याचा अंदाजच करावा लागेल. तारणहाराच्या चर्चचा पडलेला अर्धा भाग उभा करण्यापेक्षा उभा असलेला अर्धा पडू न देणे हे खरे काम आहे. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने तुर्की सांस्कृतिक मंत्रालयाबरोबर २०११ पासून या दोन्ही वास्तूंना आधार देण्याचे काम हाती घेतले, ते याच दिशेचे आहे. याच फंडाने, नॉर्वेतल्या वारसा संस्थेने आणि इस्तंबूलच्या अनादोलू क्युल्त्युर या संस्थेने मिळून २०१३ मध्ये आनीत कार्यशाळा घेतली, तिला आर्मेनियातले तज्ज्ञही आले. तुर्की आणि आर्मेनियन वास्तुतज्ज्ञ एकाच भिंतीसमोर उभे राहून तडे मोजू लागले. अनादोलू क्युल्त्युरचे संस्थापक उस्मान कावाला २०१७ मध्ये अटकेत गेले आणि २०२२ मध्ये त्यांना जन्मठेप झाली. आरोप इस्तंबूलच्या गेझी उद्यानातल्या सरकारविरोधी आंदोलनाचे होते, आनीशी त्यांचा संबंध नव्हता. पण दोन समाजांना एकत्र बसवणारा माणूसच तुरुंगात असला की असली कामे कुणी करायची, हा प्रश्न उरतो. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने त्यांच्या सुटकेचा आदेश दिला होता, तोही पाळला गेला नाही.

सीमा १९९३ पासून बंद आहे. नदीच्या पलीकडच्या काठावर उभ्या असलेल्या आर्मेनियन माणसाला कॅथीड्रल उघड्या डोळ्यांनी दिसते, पण रस्त्याने तिथे पोचायला त्याला जॉर्जियातून वळसा घालावा लागतो. आता दोन्ही देशांचे विशेष प्रतिनिधी भेटत आहेत आणि आनीच्या खालच्या अंगाला अखुर्यानवर असलेला मध्ययुगीन पूल मिळून दुरुस्त करण्याचा विषय त्यांच्या बोलण्यात आला आहे. पुलाची कमान पडलेली आहे, दोन्ही काठांवर दगडी टेकू तेवढे शिल्लक आहेत. हे काम सर्वांत आधी घ्यावे असे मला वाटते, कारण ते एकट्याने करताच येत नाही. एक टेकू तुर्कस्तानात, दुसरा आर्मेनियात. दगड कुठल्या खाणीचा, चुना कसा मळायचा, पायाडाचा खर्च कुणाचा, सगळे दोघांना बसून ठरवावे लागेल.

आणि तो करार लिहिताना त्यात आणखी एक कलम घालावे: आनीतल्या प्रत्येक वास्तूच्या फलकाचा मजकूर दोन्ही देशांच्या आणि जॉर्जियाच्या इतिहासकारांनी मिळून ठरवायचा, तो तुर्की, आर्मेनियन, जॉर्जियन आणि इंग्रजी या चार भाषांत लावायचा, आणि हाच नियम येरेव्हानच्या निळ्या मशिदीलाही लावायचा.